नवं की दुरुस्ती

ड्वेनचा ठोसा नाकावर बसला आणि क्लिंट मागच्या मागे एसीच्या खोक्यावर आदळला. फिनिक्सच्या जुलैतल्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापला होता. क्लिंटच्या उघड्या दंडाला चटका बसला तसा तो ओरडत उठला आणि डोकं खाली घालून थोरल्या भावाच्या पोटात शिरला. दोघे साठीच्या उंबरठ्यावरचे. आईच्या परसात खडीवर लोळत एकमेकांना बुकलत होते.

"अहो, थांबा!" एसीचा मेकॅनिक ओर्टेगा ओरडला. त्याने मध्ये पडून पाहिलं, तर एक कोपर त्याच्याच जबड्यात बसलं. मग तो आपल्या गाडीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

त्याने सांगितलं होतं ते इतकंच. कॉम्प्रेसर जळलाय. बदलायचा तर अडीच हजार डॉलर, पण मशीन वीस वर्षांचं, पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही. नवं बसवलं तर नऊ हजार. काय ते ठरवा, पण लवकर ठरवा. घरात म्हातारं माणूस आहे.

म्हातारं माणूस म्हणजे त्यांची आई, व्हर्ना. वय ब्याऐंशी. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओला टॉवेल मानेवर टाकून बसली होती. एसी परवा बंद पडला होता. घराच्या भिंतीसुद्धा आता हाताला गरम लागत होत्या. काल न्हाणीघरात तिला चक्कर आली होती, पण मुलांना ती काही बोलली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतले हॅस्कलबाबा असेच बंद घरात उकाड्याने गेले. ते दोन्ही मुलांना माहीत होतं, आणि म्हणूनच दोघं एवढी जिवावर उदार होऊन भांडतायत, अशी व्हर्नाची समजूत होती. लाज वाटत होती, पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

"मागच्या दोन्ही दुरुस्त्या कुणी केल्या रे?" क्लिंट धापा टाकत होता. "पंखा मी बदलला. गॅस मी भरला. तू काय केलंस, नाताळला टोपलीभर संत्री पाठवलीस!"

"चिंध्या जोडत बसलास म्हणून ही वेळ आली! तेव्हाच नवं घेऊ म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस! खिशात हात घातला होतास का, चिक्कू माणसा? तुझ्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी गार करून रिकाम्या ठेवतोस आणि इथे अडीच हजाराला रडतोस!"

"तुझा पोरगा शिकायला गेला, त्याची खोली काय भाड्याने दिलीस? तीही रिकामीच आहे ना!"

क्लिंटने ओर्टेगाच्या हत्यारांच्या पेटीतला मोठा पाना उचलला आणि फिरवला. ड्वेनने हात आडवा घातला. मनगटात काहीतरी कडकन मोडलं. तो आवाज व्हर्नाला खिडकीत ऐकू आला. ड्वेन गुरासारखा हंबरला, आणि उरलेल्या एका हाताने त्याने भावाचा गळा धरून त्याला खडीवर उताणं पाडलं. छातीवर गुडघा रोवला. क्लिंटचा चेहरा लाल झाला, मग जांभळा.

व्हर्ना उठली. दाराच्या मागे नवऱ्याची दुनळी बंदूक होती. परसात साप निघाले की आजही ती स्वतःच ती चालवायची. तिने दोन काडतुसं भरली आणि ती परसात आली.

"ड्वेन, सोड त्याला. आणि दोघेही त्या मशीनपासून लांब व्हा."

आईच्या हातातली बंदूक पाहून ड्वेन भावाच्या अंगावरून उठला. क्लिंट खोकत, सरपटत कुंपणापर्यंत गेला.

"आई, अगं वेडी झालीस का? ठेव ती खाली," ड्वेन म्हणाला.

"बाई, नका!" गाडीमागून ओर्टेगा ओरडला.

तिने दोन्ही बार एसीत घातले. पत्र्याची चाळण झाली. पाती तुटून उडाली. आतल्या नळ्या फुटल्या आणि पांढरा गॅस फुसफुसत परसभर पसरला. शेजारची कुत्री एकदम भुंकायला लागली. धक्क्याने व्हर्ना भिंतीला टेकली, पण पडली नाही.

"आता दुरुस्तीचा प्रश्न मिटला," ती म्हणाली. खांदा दुखत होता, तरी तिला हसू येत होतं. कितीतरी वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. "आणि नवंही नको मला. एकटीला एवढं घर गार करून काय करायचंय? तुम्ही माझ्यासाठी एकमेकांचे जीव घ्यायला निघालात. त्यापेक्षा मीच येते. पिशवी भरायला मला वेळ लागणार नाही. सांगा, कुणाच्या गाडीत बसू?"

गॅसची फुसफुस हळूहळू थांबली.

ड्वेनने मोडलेलं मनगट छातीशी धरलं होतं. त्याने क्लिंटकडे पाहिलं. क्लिंटने नाकाचं रक्त बाहीला पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्याही नजरेतला राग निवला होता. व्हर्ना एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. तिचं हसू अजून ओठांवर होतं.

"नवं मशीन," ड्वेनने घसा खाकरून ओर्टेगाला विचारलं, "उद्या सकाळी बसेल?"

"उद्या नाही, आजच," कुंपणाशी पडलेला क्लिंट म्हणाला. "काय लागेल ते लागू दे. सगळे मी भरतो."

"छे रे, एकट्याने कशाला? अर्धे माझे," ड्वेन म्हणाला, आणि भावाला उठवायला त्याने धड असलेला हात पुढे केला.