तिसऱ्या रांगेतली खुर्ची

बास्केटबॉलमधले निवृत्त शूटिंग गार्ड केळुसकर सरांच्या हाताची सवय महिन्यापूर्वी ऋताच्या मेंदूत उतरवली, तेव्हापासून तिचे दहातले सात लांबचे शॉट पडू लागले. खोट एकच होती. शॉट मारण्याआधी तिची नजर तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे जाई, आणि तेवढ्यात समोरची खेळाडू बॉल अडवे.

“तेवढं पुसून टाकू?” तंत्रज्ञ म्हणाला.

“थांबा, आधी सरांना विचारते.”

सर चक्क लाजले. “तिथं आमची ही बसायची. माझं कोपर खाली आलं, की ती पदर ओढून खूण करायची.”

पुढच्या सामन्याला ऋतानं केळुसकर काकूंना त्याच खुर्चीत बसवलं. काकूंनी पदर ओढला, आणि ऋताला कळायच्या आत तिचं कोपर वर गेलं.