दोन ओळींचा प्रोग्राम

नांदुऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारा फहीम वारला, तेव्हापासून त्याची बहीण शाइस्ता क्लास सांभाळत होती. एका दुपारी अम्मी तिथं आली. म्हणाली, "तो पोरायले काय शिकवे, मलेबी दाखव ना."

शाइस्तानं भावाचा जुना कॉम्प्युटर लावला आणि बेसिक भाषेत दोन ओळी लिहिल्या. पहिली नाव विचारणारी, दुसरी त्या नावाला सलाम करणारी.

"मशीनले सोताचं काहीच समजत नाही, अम्मी. आपण लिहिलं तेवढंच करते."

तिनं अम्मीचं बोट धरून 'सलीमा' टाइप करून घेतलं आणि उत्तर वाचून दाखवलं, "सलाम, सलीमा." अम्मी हसली, मग पदरानं डोळे पुसू लागली.

प्रोग्राम तिथंच संपत होता. तरी खाली आणखी एक ओळ उमटली.

'अम्मी, चष्मा कुठाय?'

शाइस्तानं प्रोग्राम तपासला. त्यात दोनच ओळी होत्या. तिसरी तिनं मोठ्यानं वाचली नव्हती, आणि चष्म्याशिवाय अम्मीला पडद्यावरचं एक अक्षरही दिसत नव्हतं.

"घरीच राह्यला रे, बेटा," अम्मी पडद्याकडे बघत म्हणाली. "तू जेवला का?"