परतीची बरणी

"पिशवीला आत्ता हात लावू नकोस. तिथे पोचलास की उघड," आगाथा म्हणाली आणि तिने कापडी पिशवी ट्रकच्या खिडकीतून आत सरकवली.

"तुझी पिशवी मी कधी उघडतो?" तिचा नवरा कॉर्नी थीसेन हसला. "अर्डिसच्या हातात देतो नि मोकळा होतो."

मागच्या पिंजऱ्यात नुकतीच दूध सुटलेली डुकराची पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. कॅनडातल्या मॅनिटोबाची थंडी पडायला लागली होती, म्हणून त्याने लाकडाचा भुसा चांगला जाड पसरला होता.

सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटात, लॉवेल हॉगन ही पिल्लं घेऊन वाढवायचा. दोन्ही घरांचा घरोबा जुना. लॉवेलच्या बायकोची, अर्डिसची, एक काचेची बरणी दर खेपेला या घरातून त्या घरात फिरायची. रिकामं भांडं परत करणं आगाथाच्या माहेरी पापच समजत. ती आलुबुखाराचा मुरांबा भरून पाठवायची, अर्डिस खारवलेल्या काकड्या भरून परत करायची.

"अर्डिसच्या हाताची चव हल्ली बदललीय," आगाथा म्हणाली.

"वय झालं तिचं."

"माझंही झालंय. माझी बदलली का?"

कॉर्नीने काच पुसली.

"लॉवेल घेईल ना रे पिल्लं?"

"घेईल गं. लॉवेल माणूस आहे, कत्तलखाना नाही."

तिकडे नवा कायदा आला होता. मांसाच्या प्रत्येक पाकिटावर जनावर कुठल्या देशात जन्मलं ते छापायचं. कत्तलखान्यांनी हिशेब सोपा केला. वेगळं ठेवा, वेगळं कापा, एवढी कटकट सांगितलीय कोणी? कॅनडात जन्मलेलं डुक्करच नको. इकडे गावातल्या डुकरांच्या शेड एकामागून एक बंद पडल्या. थीसेनची तेवढी चालू होती, आणि रविवारी चर्चबाहेर लोक कॉर्नीकडे जरा हेव्यानेच बघत.

आगाथाने गजांतून हात घातला. एका पिल्लाने तिचं बोट चोखायला घेतलं. तिचा हात लहान, मुलीसारखा. डुकरीण अडली की त्या हातालाच बोलावणं यायचं. यातली कितीतरी पिल्लं तिनेच ओढून बाहेर काढली होती, नाकातला चिकटा पुसून त्यांना श्वास घ्यायला लावला होता.

"कोट घाल. धुतलाय," ती म्हणाली. "खिशात काय काय कचरा साठवतोस, देव जाणे."

ती रस्त्यापर्यंत चालत आली. नेहमी दारातूनच हात हलवायची.

चौकात आल्यावर डावीकडे सीमा. कॉर्नीने ट्रक उजवीकडे वळवला.

लॉवेलचा फोन उन्हाळ्यातच येऊन गेला होता. "तुझ्या पिल्लांत खोट नाही रे, कॉर्नी. पण माझी डुकरं उद्या कोणी घेतली नाहीत तर मी बसलोच ना गाळात?"

"त्यांना बिचाऱ्यांना कॅनडा कुठे आहे तेही ठाऊक नाही, लॉवेल."

"पाकिटाला ठाऊक असतं," लॉवेल म्हणाला होता आणि फोनवरच रडला होता.

तेव्हापासून कॉर्नी दर खेपेला जुन्या खडीच्या खाणीत येत होता. पिल्लं फुकट घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं. शेडमध्ये जागा नव्हती, आणि कायदा बदलला म्हणून डुकरिणींच्या पोटातलं थांबत नव्हतं. पिंजऱ्यावर ताडपत्री टाकायची, गॅसची नळी आत सोडायची, मग खड्डा. मुरांबाही त्याच खड्ड्यात जायचा. मग अंधार पडेपर्यंत तो मिनेसोटाचं रेडिओ केंद्र लावून बसायचा, म्हणजे घरी गेल्यावर तिकडचं हवामान सांगता यावं. परतताना लांबच्या गावात काकड्या विकत घ्यायच्या, दुकानाच्या बरणीवरचा कागद सोलून खिशात कोंबायचा, काकड्या अर्डिसच्या बरणीत ओतायच्या.

आगाथाला कळता कामा नये, बस. ती मोडून पडली असती. आपलं सरकार तिकडे दाद मागतंय म्हणे, कायदा मागे घेतील, तोवर हे पाप आपल्या एकट्याच्या माथी राहू दे.

खाणीत पोचल्यावर त्याने ताडपत्री ओढायला घेतली. फटीतून एका पिल्लाने त्याचंही बोट चोखायला घेतलं, आणि त्याने ताडपत्री सोडून दिली. तो केबिनमध्ये येऊन बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. देवाचं नाव घ्यायचीही त्याला लाज वाटली.

आधी मुरांबा तरी खड्ड्यात ओतून टाकू, म्हणून त्याने पिशवी उघडली.

वर कामाचे रबरी हातमोजे होते. अगदी लहान मापाचे. चुकून आले असतील असं त्याला वाटलं.

तेवढ्यात मागे खडीवर गाडीची चाकं वाजली.

हातमोज्यांखाली अर्डिसची बरणी होती. रिकामी, लख्ख धुतलेली. तिच्यावर एक चुरगळलेला कागद इस्त्री करून, खळ लावून, नीट चिकटवला होता.

खारवलेल्या काकड्या. मूळ देश: भारत.