आईला काय भरवायचं?

आईला काय भरवायचं, यावरून दोघे भाऊ व्हिडिओ कॉलवर हमरीतुमरीवर आले होते.

"कच्ची केळी उकडून दे गं, अंगात ताकद येईल," थोरला म्हणाला.

"केळ्यात स्टार्चशिवाय आहे काय? त्यापेक्षा डबाबंद वाटाणा बरा, प्रथिनं तरी मिळतील," धाकटा उसळला.

"आणि त्यातलं मीठ? जीव घेतोस का आईचा?"

"ताई, आता तूच सांग ह्याला!"

आईच्या उशाशी बसलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन आईच्या चेहऱ्यासमोर धरला.



"महिना झाला, आईचं जेवण नाकातल्या नळीतून चाललंय. फोटो टाकला होता मी ग्रुपवर, आणि तुम्ही दोघांनी त्यावर अंगठा पाठवला होता!"