अडतीस, जसेच्या तसे

आजोबा शिंपी आहेत. कॅन्सरचं निदान झाल्यापासून दर सोमवारी दुकानात मी त्यांच्या छातीचं माप घेते आणि खोटा आकडा सांगते.

"अडतीस. जसेच्या तसे आहात."

"मग त्या डॉक्टरलाच माप घ्यायला शिकव," आजोबा हसतात.

माप घेणाऱ्याने आकडा बोलायचा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा, ही दुकानाची रीत. आता लिहिणारं कुणी उरलं नाही. तरी रिकाम्या ट्रायल रूमच्या पडद्यामागून कुणीतरी खरा आकडा म्हणतं. चौतीस. तेहतीस. आजोबांना ते ऐकू येत नाही.

आज टेपवर बत्तीस होते. मी तोंड उघडायच्या आत आवाज आला, "तीस."

आजोबांनी श्वास सोडला. टेप सैल पडली. मी ती ओढली. तीस.

"काय गं, किती भरलं?"

मी त्यांना घट्ट धरलं. पडद्यामागून आणखी खालचा आकडा आला.