आतला रंग

इंजिन असो की माणूस, पारखायचं ते आतून, असं माझं थोर मत आहे. ते आता कुणाला सांगता येत नाही, कारण पक्षाघातानंतर माझ्या तोंडी एकच शब्द उरलाय: "वा!" समोर मुलगा माझ्या जुन्या मोटरसायकलचं उघडलेलं इंजिन आतून लाल रंगानं रंगवत होता, धातूतून तेल पाझरू नये म्हणून. रंगाच्या भरात त्यानं बेअरिंगला तेल पोहोचवणारं बारीक भोकही बुजवलं. म्हणजे पहिल्याच फेरीत इंजिन जाम! "वा!" मी ओरडलो. तो लाजला. "आवडलं, बाबा?" "वा! वा!" मी घसा ताणत डावा हात भोकाकडे नेला. त्यानं त्यावर टाळी दिली आणि नेमका तिथंच रंगाचा दुसरा हात मारला. मग डोळे पुसत म्हणाला, "आई या गाडीला भंगार म्हणते. बाबा, हे 'वा' एकदा तिच्यासमोर म्हणा ना."