सोमवारची शेगडी

तुळशीरामने शेगडीचं इवलंसं दार वाऱ्याच्या तोंडाला फिरवलं, तशी माडाच्या विणलेल्या झापाच्या आड उभ्या असलेल्या राहीने हातातला तांब्या घट्ट धरला.

शेगडी जपानची. मातीची, पाटावर मावेल एवढी. लढाईनंतर जपानकडे पुन्हा माल नेऊ लागलेल्या बोटीवर राहीचा हा नवरा खलाशी होता. या खेपेला रजेवर किहीमला येताना त्याने ती गोणपाटात गुंडाळून आणली. तिकडची माणसं म्हणे ती जेवायच्या मेजावरच ठेवतात नि भोवती बसून भाजून खातात. त्याने मात्र ती घरात घेतलीच नाही. माडांच्या मागे, विहिरीपाशी ठेवली. आणि पेटवायचा तो फक्त सोमवारी.

खाली काथ्याचा बोळा, त्यावर चुलीतले निखारे, वर कोळसे उभे रचलेले. फुंकर नाही. कागदी पंख्याने हलकेच वारा घालायचा, दार अर्धं लोटायचं आणि कोळशांवर पांढरी राख धरेपर्यंत गप्प बसून राहायचं. पूर्वी हाच माणूस चुलीत तोंड खुपसून विडी पेटवायचा. राही बघत होती. एवढं हळुवार काम बाप्या आपण होऊन शिकत नाही. कुठल्या तरी बाईने शिकवलेलं असतं.

सोमवारी तो दुपारचं जेवतही नसे. राहीचा स्वतःचा उपास, तरी त्याच्यासाठी ती वरणभात रांधायची. तो ताट सरकवायचा. "भूक न्हाय." परवा शेजारची रंगूकाकी सुपारी कातरता कातरता म्हणाली होती, "भरल्या ताटावरनं उठणारा बाप्या कुठंतरी जेवून आलेला असतो गो. न्हायतर त्याचं मन तरी निघून गेलेलं असतं." राही खाली बघून हसली होती. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं.

कारण गेल्या सोमवारी तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं. महादेवाच्या देवळात तो नंदीपाशी वाकला होता. ती खांबामागे होती. नंदीच्या कानात तो कुजबुजला, "देवा, एकदाची बोट सुटू दे."

म्हणजे तो दिवस मोजत होता. त्याला परत जायचं होतं. त्या दिवशी राहीने पिंडीवर पाणी घातलं, पण बेल हातातच राहिला. नवरा बोटीवर गेला तेव्हापासून तिने सोमवार धरले होते. काय मागितलं ते रंगूकाकीलाही ठाऊक नव्हतं. मागणं बोललं की फळ जातं.

शेगडीवर आता जर्मनचं पातेलं उपडं पडलं होतं. खाली काय असणार? मासळीच. खलाशी दुसरं काय भाजणार! तेही सोमवारी, जिथून ती देवाचं पाणी भरते त्या विहिरीपाशी.

ती झापाआडून पुढे आली.

"पातेलं उचला," ती म्हणाली. आवाज चढला नाही. तिचा कधीच चढत नसे.

तो दचकला. फडक्याने पातेलं उचललं. आत रताळी होती. सालं करपून फुटलेली, फटींतून पाक आलेला.

"तुमचा उपास हाय?"

"व्हय."

"आणि हा पंखा? फुंकर न्हाय मारायची, हे कुणी शिकवलं?"

"कुणी म्हंजे? तूच. फुंकलं का अग्नी उष्टा होतो, असं म्हणायचीस न्हाय?" त्याने एक रताळं मोडून निम्मं तिच्यापुढे धरलं. "राही, सकाळी रेवसवरनं निरोप आला. बोट सुटली."

राहीने तांब्या खाली ठेवला.

"मग... तुम्ही कधी निघणार?"

"मी कुठं निघू? बोटीवरनं माझं नाव काढा म्हणून कवाचा मागं लागलेलो. काढलं एकदाचं. सुटली म्हंजे कायमची सुटली. आता रेवसच्या धक्क्यावर ही शेगडी मांडीन. लाँचीतनं उतरलेली माणसं गरम रताळी खातील."

"मला सांगितलं का न्हाय?"

"नंदीला सांगितलेलं. बोललं का फळ जातं."

राहीने ते निम्मं रताळं हातात घेतलं. इतक्या सोमवारी त्याच नंदीच्या कानात ती तेवढंच तर सांगत आली होती, "देवा, यांची बोट सुटू दे."